श्वानांच्या पचनविकारांत आहाराचे स्थान : लंघनाच्या प्रश्नाचा पुनर्विचार

पचनक्रियेसंबंधीचे आधुनिक शारीरक्रियाविज्ञान मोठ्या प्रमाणावर कुत्र्याच्या जठरावर उभे राहिले आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सेंट पीटर्सबर्ग येथे पाव्हलॉव्ह यांनी केलेले व १८९७ मध्ये व्याख्यानरूपाने प्रसिद्ध झालेले प्रयोग कुत्र्यांवरच झाले होते. पाव, मांस आणि दूध या तीन अन्नांसाठी पाझरणाऱ्या जठररसाची मात्रा, पाचकशक्ती व स्रवण्याचा काळ ही तिन्ही निरनिराळी असतात, आणि स्निग्ध पदार्थांमुळे जठररसाचा स्राव मंदावतो, हे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बेलिस व स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये सिक्रेटिनाचा शोध लावला तोही कुत्र्यावरील प्रयोगातूनच. इतके असूनही, प्रत्यक्ष कुत्र्यालाच वांत्या व हगवण लागली असता आपल्या चिकित्सालयांतून मालकास मिळणारा सल्ला मात्र बहुधा एकाच साच्याचा असतो : "एक-दोन दिवस उपाशी ठेवा, मग दहीभात द्या, आणि या गोळ्या चालू करा." या सल्ल्याचा कोणता भाग आजच्या ज्ञानाच्या कसोटीस उतरतो आणि कोणता उतरत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हाच सल्ला दिला आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. लंघनास परमौषध मानण्याची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. शिवाय पाश्चात्त्य पशुवैद्यकाच्या पाठ्यग्रंथांतूनही चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या उपवासाची शिफारस दीर्घकाळ होत आली होती. परंपरा आणि पाठ्यग्रंथ यांचे जेथे एकमत होते तेथे शंका घेण्याचे कोणास सुचत नाही.

या सल्ल्यामागील युक्तिवाद अगदीच निराधार नाही. अतिसार जडण्याच्या ज्या निरनिराळ्या प्रक्रिया आहेत त्यांपैकी एक तर्षणाची होय. लघ्वांत्रात न पचलेली शर्करा वा अन्य विद्राव्य पदार्थ शिल्लक राहिले म्हणजे ते आतड्याच्या भित्तीतून पाणी आपल्याकडे ओढून घेतात व मल पातळ होतो. अन्नच बंद केले की हे कारण नाहीसे होते आणि हगवण थांबल्यासारखी दिसते. परंतु अतिसार केवळ तर्षणानेच होतो असे नाही. जंतुविषांच्या प्रभावाने आतड्याच्या पेशी स्वतःच पाणी व क्षार बाहेर टाकू लागतात, किंवा श्लेष्मल अस्तराची पारगम्यता वाढून रक्तरस पाझरू लागतो. या दोन्ही प्रकारांत उपवासाने मलप्रवाह थांबत नाही. उपवास करविल्यावर हगवण थांबली तर ती तर्षणजन्य होती असे अनुमान करता येते. म्हणजे निदानाचे साधन म्हणून उपवासास काही किंमत आहे; उपचार म्हणून ती किती, हा वेगळा प्रश्न होय.

या ठिकाणी आतड्याच्या अस्तराची एक विशेषता ध्यानात घ्यावयास हवी. शरीरातील अन्य इंद्रिये आपले पोषण रक्तावाटे मिळवितात. लघ्वांत्राच्या रसांकुरांवरील पेशींचे तसे नाही. त्यांच्या पोषणाचा मोठा भाग आतड्याच्या पोकळीतून जाणाऱ्या अन्नातूनच, विशेषतः ग्लुटामीन या ॲमिनो आम्लापासून, मिळतो. या पेशी तळाशी असलेल्या खोबणींत जन्मास येतात, रसांकुरांच्या टोकाकडे सरकत जातात आणि काही दिवसांतच गळून पडतात. पोकळीत अन्न आलेच नाही तर रसांकुर खुजे होतात, नव्या पेशींची निर्मिती मंदावते आणि आतड्याचा जंतुरोधक बांध कच्चा पडतो. रोगाने आधीच उघडे पडलेले अस्तर उपवासाने आणखी उघडे पडते. भिंत पडक्या अवस्थेत असताना गवंड्याची मजुरी बंद करावी, तशातला हा प्रकार आहे.

हा विचार केवळ तर्काचा राहिलेला नाही. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठाच्या ऑन्डरस्टेपोर्ट येथील पशुवैद्यकशाखेत मोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी निवडलेला रोग सौम्य नव्हता. पार्व्हो विषाणूजन्य आंत्रशोथ हा १९७८ पासून जगभर पसरलेला, खोबणींतील विभाजनशील पेशींवरच घाला घालणारा आणि पिल्लांच्या दृष्टीने प्राणघातक असा विकार होय. तीस पिल्लांचे पंधरा-पंधराचे दोन गट करण्यात आले. औषधोपचार व शिरेतून द्यावयाचे द्रव दोन्ही गटांस सारखेच होते. एका गटास रूढ पद्धतीप्रमाणे वांत्या पूर्ण थांबेपर्यंत तोंडाने काहीही दिले नाही. दुसऱ्या गटास दाखल केल्यापासून बारा तासांनी, वांत्या चालू असतानाही, नाकातून अन्ननलिकेत घातलेल्या नळीवाटे द्रवरूप अन्न देण्यास प्रारंभ झाला. अन्न मिळालेल्या पिल्लांची तरतरी, भूक, वांत्या व मलाची स्थिती ही सर्व उपाशी गटापेक्षा लवकर सुधारली, आणि त्यांचे वजनही वाढू लागले. उपाशी गटातील तेरा पिल्ले वाचली. अन्न मिळालेली पंधराही वाचली. इतक्या अल्प संख्येवरून मृत्युप्रमाणाविषयी निश्चित विधान करणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने योग्य होणार नाही. तथापि अन्न दिल्याने वांत्या बळावतील व अतिसार लांबेल ही जी भीती होती ती मात्र निराधार ठरली, आणि तीही या वर्गातील सर्वांत उग्र रोगात. मग उकिरड्यावरचे काहीतरी खाऊन आलेल्या, एरवी सुदृढ असलेल्या कुत्र्यास दोन दिवस उपाशी का ठेवावे, हा प्रश्न उरतोच.

याचा अर्थ वांत्यांचा जोर असलेल्या जनावरापुढे लगेच भरलेली थाळी ठेवावी असा कोणी करू नये. वारंवार वांत्या होणाऱ्या प्रौढ कुत्र्यास काही तास, फार तर बारा तास, जठरास विश्रांती देणे व्यवहारतः सोयीचे असते. त्यानंतर थोडे थोडे अन्न सुरू करावे. केवळ हगवण आहे, वांती नाही, अशा कुत्र्यास उपवासाची मुळीच आवश्यकता नाही. लहान पिल्लांच्या, विशेषतः लघुकाय जातींच्या पिल्लांच्या बाबतीत तर उपवास धोक्याचा आहे. त्यांच्या यकृतातील ग्लायकोजेनचा साठा तुटपुंजा असतो. काही तासांच्या उपासाने रक्तातील शर्करा घसरून पिल्लू लटपटू लागते, क्वचित झटकेही येतात. पिल्लू "उपवासाने शांत पडले आहे" असे सांगणारा मालक पुष्कळदा हीच अवस्था वर्णन करीत असतो.

आहाराचा विचार करण्यापूर्वी आहार हा ज्यावर उपाय नव्हे अशी प्रकरणे बाजूस काढणे हे चिकित्सकाचे पहिले कर्तव्य होय. प्रथम वांती आणि अन्न नुसते उलटून पडणे यांत भेद करावा. वांतीपूर्वी मळमळ, लाळ गळणे व पोटाचे जोरदार आकुंचन असते; अन्ननलिकेच्या विकारात अन्न विनाप्रयास, बहुधा न पचलेले व नळकांड्याच्या आकाराचे, बाहेर पडते. मालक दोहोंसही उलटीच म्हणतो. दुसरे, आतड्यात अडकलेली वस्तू. आपल्याकडे या बाबतीत ऋतुमानाचाही काही संबंध पोहोचतो. उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात रस्त्यावर टाकलेले मक्याच्या कणसाचे बुरकुंड ही दोन्ही कुत्र्यांच्या आतड्यांत तट्ट बसण्यास योग्य अशाच आकाराची असतात. आणि कणसाचा तुकडा पोटात कित्येक दिवस गुपचूप राहून मग अडथळा निर्माण करू शकतो. अशा जनावरास वांतिरोधक औषध टोचून व पथ्य सांगून घरी पाठविल्यास वांती थांबते, निदान लांबते आणि आतड्याचा तो भाग सडू लागतो. पोट चाचपून पाहिल्याखेरीज, आणि शंका असल्यास क्ष-किरण चित्र घेतल्याखेरीज, पथ्याचा कागद लिहू नये.

त्याखेरीज, लस न टोचलेल्या पिल्लातील दुर्गंधियुक्त रक्तमिश्रित हगवण. पावसाळ्यात वांत्यांसह दिसणारी कावीळ, जी लेप्टोस्पायरा जंतूंकडे बोट दाखविते. अचानक सुरू झालेली, तांबड्या मुरंब्यासारखी दिसणारी हगवण, जीत रक्त दाट होऊन तांबड्या पेशींचे प्रमाण असाधारण वाढलेले आढळते. आणि फिकट हिरड्यांचे, अंकुशकृमींनी पोखरलेले पिल्लू : यांपैकी कोणासही दहीभाताने बरे वाटणार नाही. अंकुशकृमी मातेच्या दुधावाटेही पिल्लांत जात असल्यामुळे "पिल्लू घराबाहेर गेलेलेच नाही" या उत्तरावर चिकित्सकाने विसंबून राहू नये.

पचनविकाराने कुत्रे दगावते ते बहुधा अन्नाच्या अभावामुळे नव्हे, तर पाण्याच्या व क्षारांच्या अभावामुळे. शरीरभाराच्या सुमारे पाच टक्क्यांहून कमी पाणी गेले असेल तर तपासणीत ते दिसून येत नाही. त्यापुढे हिरड्या चिकट लागतात, मानेवरील कातडी चिमटीत उचलून सोडल्यास सावकाश बसते, डोळे खोल जातात. दहा-बारा टक्क्यांस रुधिराभिसरण ढासळण्याच्या बेतात येते. दहा किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्यात सात टक्के तूट म्हणजे सातशे मिलिलिटर पाणी. दैनंदिन गरज दर किलोग्रॅमास सुमारे पन्नास ते साठ मिलिलिटर धरल्यास आणखी पाच-सहाशे मिलिलिटर, आणि चालू असलेल्या वांत्या-हगवणीचा नाश निराळा. हा हिशेब कागदावर मांडला म्हणजे कातडीखाली टोचलेली शंभर मिलिलिटरची सलाइन किती अपुरी असते ते आपोआप कळते.

सौम्य प्रकरणांत मात्र तोंडावाटे द्यावयाचे क्षार-शर्करायुक्त द्रावण उपयुक्त ठरते. आतड्याच्या पेशीत सोडियम व ग्लुकोज जोडीने शिरतात व त्यांच्यापाठोपाठ पाणी जाते, या तत्त्वावर ते आधारलेले आहे. मनुष्यवैद्यकात या द्रावणाने काय साधले ते १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनोबिस यांनी पटकीच्या साथीत दाखवून दिले. औषधांच्या दुकानांत मिळणारी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार केलेली पूड, म्हणजे लिटरभर पाण्यात मीठ २·६ ग्रॅम, ग्लुकोज १३·५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १·५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २·९ ग्रॅम, ही मनुष्यासाठी असली तरी सौम्य हगवणीच्या कुत्र्यास थोड्या थोड्या अंतराने चमचा-दोन चमचे देण्यास प्रत्यवाय नाही. मात्र कुत्र्याने ते आपण होऊन चाटावयास हवे. जबडा धरून पिचकारीने ओतलेले द्रावण श्वासनलिकेत उतरण्याचा संभव असतो, आणि मग हगवणीऐवजी फुप्फुसदाहाचा उपचार करीत बसावे लागते.

आता अन्नाकडे वळू. आजारी कुत्र्याचा आहार सुलभ पचणारा, अल्पस्निग्ध व अल्पतंतू असावा आणि तो थोडा थोडा पण वारंवार द्यावा, हे सूत्र सर्वमान्य आहे. तरीही भाताविषयी एक आक्षेप हल्ली वारंवार ऐकू येतो : कुत्रे मूळचे मांसाहारी, त्यास पिष्टमय अन्न कसे मानवणार? या आक्षेपास २०१३ मध्ये उप्साला येथील संशोधकांनी दिलेले उत्तर पुरेसे आहे. स्वादुपिंडातील अमायलेज या पिष्टपाचक विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. मनुष्याच्या उष्ट्यावर जगण्याची खूण कुत्र्याच्या जनुकांतच उमटलेली आहे. अट एवढीच की भात चांगला शिजलेला असावा. आपल्या घरांतून आजाऱ्यासाठी करतात तो गुरगुट्या भात या कामी उत्तम. मोकळा फडफडीत भात नव्हे.

त्याच्या जोडीस प्रथिन हवे. कातडी व चरबी काढून पाण्यात उकडलेली कोंबडी हे सर्वांत सोयीचे. ज्या घरांत मांस शिजत नाही तेथे उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, आणि तेही चालत नसल्यास साय काढलेल्या दुधाचे ताजे, पाणी निथळलेले पनीर उपयोगी पडते. कारण दुधातील बहुतेक लॅक्टोज निथळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. मात्रा ठरविताना "थोडेसे द्या" असे मोघम न सांगता हिशेब करावा. विश्रांतावस्थेतील ऊर्जेची गरज किलोग्रॅममधील वजनाच्या ०·७५ घातास सत्तरने गुणून मिळते. दहा किलोग्रॅमच्या कुत्र्यास ती सुमारे ३९५ किलोकॅलरी येते. साध्या शिजलेल्या भाताच्या शंभर ग्रॅमांत सुमारे १३० व कोंबडीच्या उकडलेल्या छातीच्या मांसात सुमारे १६५ किलोकॅलरी धरल्यास, दोन भाग भात व एक भाग मांस यांच्या मिश्रणाच्या शंभर ग्रॅमांत सुमारे १४० किलोकॅलरी पडतात. म्हणजे पूर्ण गरज सुमारे २८० ग्रॅमांची. पहिल्या दिवशी तिचा तिसरा हिस्सा, सुमारे नव्वद ग्रॅम, पाच-सहा वेळांत विभागून द्यावा. एका वेळेस दोन चमच्यांहून फारसे अधिक होत नाही. भात आसट असल्यास त्यातील पाण्याच्या मानाने वजन वाढवून घ्यावे. वांती न झाल्यास तीन-चार दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे. मालकास हे प्रमाण हास्यास्पद वाटते, आणि नेमके येथेच पथ्य मोडते. दुपारी सावरलेले कुत्रे दीनवाणे पाहू लागले की सायंकाळी त्याच्यापुढे वाडगाभर अन्न जाते व रात्री पुनः वांती होते. तेव्हा मात्रा कागदावर लिहून देणे व घरातील सर्वांत कठोर मनाच्या व्यक्तीच्या हाती सोपविणे श्रेयस्कर.

दुधाविषयी स्वतंत्रपणे लिहावयास हवे, कारण दूधभाकरी हे आपल्याकडील कुत्र्याचे परंपरागत अन्न होय. स्तनपान सुटल्यावर कुत्र्याच्या आतड्यातील लॅक्टेज हे विकर कमी होत जाते. गाईम्हशींच्या दुधात लॅक्टोजचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कुत्रीच्या दुधातील प्रमाणाहून अधिक असते. निरोगी कुत्रे सवयीने थोडे दूध पचविते. पण रसांकुरांची टोके झडलेल्या आतड्यात हे विकरही झडलेले असते, आणि दूध तर्षणजन्य अतिसारास आयतेच इंधन पुरविते. दह्यात लॅक्टोजचा काही अंश आंबण्यात खर्ची पडलेला असल्यामुळे ते त्या मानाने निरुपद्रवी. तथापि दह्यातील जंतू हगवण बरी करतात हे श्वानांच्या बाबतीत सिद्ध झाले आहे, असे मानून चालू नये. ताजे दही भातात चमचाभर घालावे, त्यावर भिस्त ठेवू नये. वरणभातही पहिले काही दिवस टाळावा. डाळींतील रॅफिनोज वर्गातील शर्करा पचविणारे विकर कुत्र्याजवळ नाही. त्या बृहदांत्रात आंबतात व वायू धरतात. तूप, साय व मटणाची चरबी यांविषयी पाव्हलॉव्ह यांचे निरीक्षण वर आलेच आहे. शिवाय न शोषलेली मेदाम्ले बृहदांत्रात जंतूंच्या क्रियेने पाणी स्रवविणारी बनतात. आणि सणासुदीला तळणीचे वा चरबीचे पदार्थ खाऊन आलेल्या कुत्र्याच्या पोटदुखीत स्वादुपिंडदाहाची शंका घेणे आवश्यक असते. घरच्या रश्श्यात भात कालवून देण्याच्या पद्धतीत कांदा-लसणाचा धोका आहे : शरीरभाराच्या दर किलोग्रॅमास पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेल्यास तांबड्या पेशींचा लक्षणीय नाश होतो.

गोळ्यांचा प्रश्न उरला. हगवणीवर मेट्रोनिडाझोल देण्याचा प्रघात इतका रूढ आहे की तो दिला नाही तर उपचार झालाच नाही अशी मालकाची समजूत होते. या औषधाच्या बाजूने पुरावा अगदीच नाही असे नव्हे; २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याने हगवणीचा काळ सुमारे दीड दिवसाने कमी झाला. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, निरोगी कुत्र्यांना हे औषध दिले असता आतड्यातील उपकारक जंतूंची, विशेषतः पित्ताम्लांचे रूपांतर करणाऱ्या जंतूंची, जी मोडतोड होते ती काही कुत्र्यांत औषध थांबवून चार आठवडे लोटल्यावरही पूर्णपणे भरून आलेली नव्हती. पुढे २०२२ मध्ये तीव्र बृहदांत्रदाहावर तुलनात्मक प्रयोग झाला. त्यात केवळ सुपाच्य आहारावर ठेवलेली, आणि इसबगोलयुक्त आहारावर ठेवलेली कुत्री ही दोन्ही, आहाराबरोबर मेट्रोनिडाझोल मिळालेल्या कुत्र्यांहून लवकर बरी झाली. युरोपातील तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही सौम्य व मध्यम तीव्र अतिसारात प्रतिजैविके देऊ नयेत असाच निर्णय आहे. ताप, पेशीगणनेतील बिघाड किंवा रक्तदूषणाची लक्षणे असलेले कुत्रे अर्थातच या नियमाच्या कक्षेत येत नाही. घरच्या कपाटातील लोपेरामाइड मात्र कधीही सुचवू नये. अतिसारात आतड्यांची हालचाल वाढलेली असते हा समज बहुधा चुकीचा आहे. प्रवाहास अडविणारे खंडात्मक संकोचच मंदावलेले असतात. शिवाय कोली व तत्सम जातींत आढळणाऱ्या एका जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत शिरून विषबाधा करते.

इसबगोलाचा उल्लेख वर आला. त्याचे स्थान लघ्वांत्राच्या हगवणीत नव्हे, बृहदांत्राच्या विकारात आहे, म्हणून दोहोंतील भेद विद्यार्थ्यांनी इतिहास घेतानाच करावा. दिवसातून दोन-तीनदा पुष्कळ पातळ मल, जोडीस वजनातील घट, असे असल्यास दोष लघ्वांत्रात. वारंवार थोडा थोडा मल, कुंथणे, आव व ताजे लाल रक्त, असे असल्यास बृहदांत्रात. दुसऱ्या प्रकारच्या जुनाट, अन्य कारण न सापडलेल्या हगवणीच्या सदतीस कुत्र्यांचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला असून सुपाच्य आहार व इसबगोल यांच्या योगाने त्यांपैकी बहुतेकांस उत्तम गुण आल्याचे त्यात नमूद आहे. इसबगोल आधी भिजवून फुगवून मगच अन्नात मिसळावे.

मल बांधून येऊ लागल्यावर दोन-तीन दिवसांनी नेहमीचे अन्न चौथा हिस्सा, मग निम्मे, मग पाऊण असे चढवीत आठवड्याभरात पूर्ववत करावे. भात आणि कोंबडी यांत कॅल्शियम अत्यल्प व त्या मानाने फॉस्फरस फार अधिक असल्यामुळे "हे मानवले, आता हेच चालू ठेवू" हा मालकाचा बेत हाणून पाडावा लागतो. वाढत्या पिल्लाच्या हाडांवर त्याचा परिणाम होण्यास फार अवधी लागत नाही.

तीन आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळलेली हगवण मात्र निराळ्या दृष्टीने पाहावी. कृमी व जिआर्डिया यांसाठी मलपरीक्षा, यकृत, मूत्रपिंड व अधिवृक्क ग्रंथींच्या विकारांसाठी रक्तपरीक्षा झाल्यावर, कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेल्या एकाच प्रथिनाचा, किंवा जलविच्छेदित प्रथिनाचा आहार दोन आठवडे अन्य काहीही न देता चालू ठेवावा. अशा जुनाट रुग्णांपैकी अधिकांश केवळ या योजनेने सुधारतात. आपल्याकडे विशेष लोकप्रिय असलेल्या अल्सेशियन जातीच्या तरुण कुत्र्यात, भूक राक्षसी, मल भरपूर, फिकट व तेलकट, आणि अंगावर मांस नाही, असे चित्र दिसल्यास आहारप्रयोगात काळ न दवडता स्वादुपिंडाच्या क्षयाचा संशय घ्यावा, आणि उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात ट्रिप्सिनसदृश पदार्थाचे व कोबालमिनचे प्रमाण तपासून घ्यावे. निदान निश्चित झाल्यास प्रत्येक जेवणात स्वादुपिंडाची विकरे मिसळून आणि कोबालमिनाची तूट भरून काढून हे कुत्रे बहुधा चांगले जगते. अशा कुत्र्याचे वजन दर आठवड्यास त्याच काट्यावर करून नोंदवून ठेवावे.